तिच्यावरही राज्य यावं: कॉलनीतल्या बागेबद्दल एका आईला उत्तर

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): माझी मुलगी सात वर्षांची आहे, तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळं स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. घरात वॉकर धरून चालते, बाहेर व्हीलचेअर लागते. धाकटा मुलगा चार वर्षांचा. आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसवर बाग करायचं घाटतंय. ‘दिव्यांग मुलांसाठी कुठली खेळणी पाहिजेत त्याची यादी द्या,’ असं आमच्या भागातल्या पुढाऱ्यांनी सांगितलंय. यादीत काय लिहू? आणि बाग होईपर्यंत दोघांना एकत्र घेऊन कुठं जाऊ?

उत्तर:

ताई, यादी देतेच. पण खेळण्यांचा नंबर त्या यादीत बराच खाली येईल. तो का, ते आधी सांगते.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे खेळणं, जेवणं, कपडे घालणं अशी रोजची कामं मुलांना जमावीत म्हणून थेरपी देते. सांगली-मिरजेत मुलांबरोबर काम करताना २२ वर्षं झाली. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे नऊ वर्षांचा एक मुलगा यायचा, तुमच्या लेकीसारखाच व्हीलचेअरवर. संध्याकाळी त्याची आई त्याला घराजवळच्या मैदानावर न्यायची. गल्लीतली पोरं चांगली होती, कुणी चिडवायचं नाही. लगोरी सुरू झाली की त्याला कडेला बसवून सांगायचे, ‘तू गुण मोज.’ वर्षभर त्यानं गुण मोजले. एक दिवस थेरपी चालू असताना त्यानं मला विचारलं, ‘मॅडम, माझ्यावर राज्य कधी येणार?’

त्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. नंतर लक्षात आलं की या विषयावर आपल्या भाषेत एक फार नेमका शब्द आहे, लिंबूटिंबू. आपण लहानपणी खेळायचो तेव्हा कुणाचा तरी धाकटा भाऊ मागं लागायचाच. त्याला लिंबूटिंबू करून खेळात घ्यायचो. तो आउट झाला तरी आउट नाही, त्याच्यावर राज्य नाही. धाकट्या भावाचं लिंबूटिंबूपण वर्ष-दोन वर्षांत संपतं, आपल्या मुलांचं मात्र आयुष्यभर चालतं. ‘दिव्यांगांसाठी विशेष कोपरा’ असलेली बाग मुलांना लिंबूटिंबूच करते. बाहेर रंगीत फलक, आत दोन खास खेळणी, आणि खरा खेळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. तुमच्या लेकीवर राज्य येईल अशी बाग मागा. पुढचं सगळं त्याच हिशेबानं लिहितेय.

आधी फाटक

तुमच्या ओपन स्पेसला फाटक कसं ठेवणार आहेत, हे आजच विचारा. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून आपल्याकडे लोखंडी पाइपांचं आडवं-तिडवं फाटक बसवतात. माणूस त्यातून वळून वळून आत जातो, पण व्हीलचेअर जात नाही. बाबागाडी जात नाही, काठी टेकत येणाऱ्या आजोबांचीही पंचाईत होते. मग शेजारी एक मोठं फाटक असतं, त्याला कुलूप असतं आणि किल्ली वॉचमनकडे असते. एका बागेत मी एका आईबरोबर ४० मिनिटं किल्लीची वाट बघत उभी होते. तेवढ्यात धाकट्या भावाची बाग खेळून झाली होती.

मोकळी वाट निदान ९०० मिलिमीटर, म्हणजे तीन फूट पाहिजे, आणि ती सगळ्यांसाठी एकच पाहिजे. तीन फुटांतून मोटारसायकलही जाते हे खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे बाहेर गाड्या लावायला नीट जागा आणि संध्याकाळी एक माणूस. गाडी अडवायची म्हणून मूल अडवणं मला कधीच पटलं नाही.

मग जमीन, कारण ती काळी आहे

खेळण्यांच्या कंपन्यांचे कॅटलॉग बघून ज्या बागा होतात, त्या आपल्याकडे जमिनीपाशी फसतात. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर नुसती वाळू पसरून पेव्हर ब्लॉक घातले तर दोन पावसाळ्यांत काही वर येतात, काही खाली जातात. चालणाऱ्याला तेवढं जाणवत नाही. व्हीलचेअरची पुढची चाकं लहान असतात, ती प्रत्येक सांध्यात अडकतात आणि तो हिसका थेट मुलाच्या पाठीच्या कण्यात जातो. सेरेब्रल पाल्सीत असा अचानक हिसका बसला की आधीच ताठ असलेले स्नायू आणखी आवळतात. खेळाच्या जागेपर्यंत पोचेपर्यंतच मूल दमतं. ‘ती बागेत गेली की रडते,’ असं सांगणाऱ्या काही आयांच्या मुली खरं तर रस्त्यामुळं रडत होत्या.

म्हणून मुख्य वाटेखालची काळी माती काढून मुरूम भरा, पाणी मारून रोलर फिरवा, आणि वर सिमेंटचा कोबा करा. घोटून गुळगुळीत केलेला कोबा नको. ओला असताना त्यावर झाडू ओढून खरखरीत केलेला पाहिजे, नाहीतर श्रावणात शेवाळ धरतं आणि आजी घसरते. दोन व्हीलचेअर शेजारून जाव्यात म्हणून रुंदी १८०० मिलिमीटर, सहा फूट. पाणी निघून जायला एका बाजूला किंचित उतार, जाणवणार नाही एवढाच.

उतरणीचं गणित तोंडपाठ करून ठेवा. एकास बारा. चौथरा दीड फूट उंच असेल तर रॅम्प १८ फूट लांब लागतो. मी चार फुटांत उरकलेले रॅम्प पाहिलेत. अशा रॅम्पवर आई पूर्ण जोर लावून खुर्ची ढकलते, पुढची चाकं उचलली जातात आणि मूल मागं झुकून आकाशाकडं बघत घट्ट डोळे मिटतं. तो रॅम्प कागदावर ‘झाला’ असतो, पण पुन्हा कुणी त्यावर चढत नाही. ठेकेदार जागा नाही म्हणाला तर चौथराच नको म्हणा. बागेत चौथऱ्याची गरज फार थोड्या ठिकाणी असते.

खेळण्यांच्या खालच्या जमिनीचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथं मुलं पडणार. हल्ली सगळीकडे रंगीत रबर फरशी घालतात. चाकांसाठी ती चांगली, पण आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ती चटका देण्याइतकी तापते. शिवाय खालचा थर चांगला नसेल तर कडा उचकटतात. घालायची असेल तर झाडाच्या किंवा पत्र्याच्या सावलीत आणि फिक्या रंगाची घाला. वाळू स्वस्त आणि गार असते, पण तिच्यात चाक रुततं, मांजरं घाण करतात आणि ती सतत सारखी करावी लागते. मी दोन्ही मिसळून सुचवते. खुर्ची जिथं जाणार तिथं रबर, आणि उंचावरून उडी पडणाऱ्या बाजूला फूटभर खोल वाळू. कोब्यावर किंवा पेव्हरवर झोका कधीही नको.

आणखी एक, हे गावभागात किंवा नदीच्या बाजूला राहणाऱ्या वाचकांसाठी. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पूररेषेतल्या बागेत महागडं रबर घालू नका. गाळ एकदा त्याच्या छिद्रांत बसला की धुऊन निघत नाही.

संडास

यादीत हे दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या क्रमांकावर लिहा. कुटुंबानं बागेत किती वेळ थांबायचं हे झोका ठरवत नाही, संडास ठरवतो. सात-आठ वर्षांची, डायपर वापरणारी मुलगी असेल तर तिचा डायपर बदलणार कुठं? तान्ह्या बाळासाठीची भिंतीवरची फळी तिला पुरत नाही. आया मुलींचे डायपर गाडीच्या मागच्या सीटवर, ओढणीचा आडोसा करून बदलतात. ज्यांच्याकडे गाडी नाही त्या घरी जातात. मुलगी दहा वर्षांची झाली की आई तिला बागेत आणणंच थांबवते आणि लोक म्हणतात, ‘या मुलांना बागेत कुणी आणतच नाही, मग एवढा खर्च कशाला?’

मागायचं ते असं. दार तीन फुटांचं आणि बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत खुर्ची वळेल एवढी पाच फुटांची गोल मोकळी जागा. कमोडच्या बाजूला पकडायला दांडा. आणि भिंतीलगत कडाप्प्याचा सहा फूट लांब, अडीच फूट रुंद कट्टा, ज्यावर चटई टाकून मोठ्या मुलालाही आडवं करता येईल. या कट्ट्याचा खर्च एका सेल्फी पॉइंटच्या मानानं काहीच नाही. हाच संडास गरोदर बाईला, गुडघे दुखणाऱ्या आजीला, दोन मुलं सांभाळणाऱ्या बापालाही उपयोगी पडतो.

आता खेळणी

पहिलं, टोपलीचा झोका. चार फूट व्यासाची दोरांची गोल टोपली, तिच्यात आडवं होता येतं. ज्या मुलाची मान स्थिर नाही तेही झोपून झुलू शकतं, आणि मुख्य म्हणजे शेजारी भाऊ बसू शकतो. तुमच्या दोघांचा एकत्र खेळ इथंच सुरू होईल. त्याच्या जोडीला पाठीला टेकू आणि छातीवर पट्टे असलेली झोक्याची एक खुर्ची, साध्या झोक्यांच्याच रांगेत. झोक्याचा आडवा दांडा जमिनीपासून जेवढा उंच, त्याच्या दुप्पट जागा पुढं मोकळी पाहिजे आणि तेवढीच मागं. ही जागा वेगळ्या रंगानं आणि पायाला वेगळ्या लागणाऱ्या जमिनीनं दाखवा, म्हणजे नजर अधू असलेलं मूल धावताना झोक्यासमोर येणार नाही.

व्हीलचेअरसकट चढायचा झोका तुम्हाला हमखास दाखवतील, कारण त्याचा फोटो चांगला येतो. मी तो पहिल्या यादीत ठेवत नाही. तो अतिशय जड असतो. हलता प्लॅटफॉर्म दुसऱ्या मुलाला लागला तर मोठी इजा होते, म्हणून त्याला वेगळं कुंपण लागतं. कुंपण आलं की कुलूप येतं, आणि मग एकटं मूल कुंपणात झुलतं, बाकीची बाहेरून बघतात. आपल्याला जे टाळायचंय तेच पुन्हा होतं.

त्याऐवजी जमिनीच्या पातळीत बसवलेलं चक्र मागा. त्याची तबकडी भोवतालच्या जमिनीशी सपाट असते, खुर्ची सरळ आत जाते, मधल्या दांड्याला धरायचं आणि बाकीची पोरं फिरवतात. कडेची फट बोट जाणार नाही एवढी बारीक आहे ना ते बघून घ्या. काळ्या मातीत त्याच्या खड्ड्यातून पाणी बाहेर काढायला पाइप नसेल तर पहिल्याच पावसात बेअरिंग गंजतं.

घसरगुंडीबद्दल जरा सविस्तर सांगते. पायऱ्यांच्या घसरगुंडीवर तुमच्या लेकीला कुणीतरी उचलून न्यावं लागतं. ती खाली आली की खुर्ची पायऱ्यांच्या बाजूला राहते, म्हणजे पुन्हा उचलणं आलं. तीन फेऱ्यांत आईची कंबर जाते. म्हणून मातीची टेकडी करा. वाटेखालची जी काळी माती काढायचीच आहे ती आत भरा, वर मुरूम आणि तांबडी माती, त्यावर हरळी. तीन फूट उंचीच्या टेकडीला एकास बाराच्या चढानं ३६ फुटांची वाट लागते, एकास वीसनं ६० फुटांची. ती टेकडीभोवती गुंडाळत न्यायची. घसरगुंडी टेकडीच्या अंगावरच झोपवलेली असते, त्यामुळं उंचावरून पडायची भीती नाही. माथ्यावर खुर्चीतून सरकून बसायला ११ ते १८ इंच उंचीचा कट्टा ठेवायचा. तिथं स्वतःच्या हातांच्या जोरावर खुर्चीतून कट्ट्यावर सरकणं हा आम्ही क्लिनिकमध्ये महिनोन्‌महिने करून घेतो तो व्यायाम आहे. घसरगुंडीसाठी मूल तो पाच मिनिटांत वीस वेळा करतं.

घसरगुंडीचं तोंड उत्तरेला ठेवा आणि ती सावलीत घ्या. पत्र्याची घसरगुंडी उन्हात भाजते. आपण चटकन पाय उचलतो, पण स्पायना बिफिडा (पाठीच्या कण्यातला जन्मजात दोष) असलेल्या मुलाला पायाला संवेदनाच कमी असते. भाजल्याचं घरी गेल्यावर कळतं. प्लॅस्टिकच्या घसरगुंडीचं वेगळं आहे. तिच्यावर घासून स्थिर वीज तयार होते आणि कॉक्लिअर इम्प्लांटच्या (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेनं कानात बसवलेल्या उपकरणाच्या) बाहेरच्या यंत्रात त्यानं बिघाड होऊ शकतो, म्हणून त्या मुलांना घसरण्याआधी यंत्र काढायला सांगतात. जुन्या बागांमधली मोझॅकची घसरगुंडी या दोन्हींपेक्षा बरी, फक्त तिच्या कडा तुटलेल्या नकोत.

एक तपासणी तुम्ही स्वतः करा. कठडे, शिड्या, जाळ्या यांत साडेतीन इंच ते नऊ इंच अशी कुठलीही फट नको. तेवढ्यातून लहान मुलाचं अंग पलीकडे जातं आणि डोकं अडकतं. पट्टी घेऊन जा आणि मोजा.

किल्ल्याचा कट्टा

हे माझं सगळ्यात लाडकं. कुठल्याच कॅटलॉगमध्ये मिळत नाही.

एका शाळेच्या मागच्या अंगणात आम्ही गवंड्याकडून एक कट्टा बांधून घेतला होता. दोन बाजूंना विटांचे खांब, वर जाड कडाप्पा, कडेला चार इंचांची विटांची पाळ. खालून गुडघे आत जावेत म्हणून कडाप्प्याच्या तळापर्यंत २८ इंचांची पोकळी ठेवली होती. वर्षभर तो वाळूचा खेळ होता. दिवाळीच्या आधी पोरांनी वाळू काढून तांबडी माती आणली, पोती भिजवली, आणि किल्ला सुरू झाला.

व्हीलचेअरवरची एक मुलगी गुडघे आत सरकवून मधोमध बसली होती. एरवी किल्ला जमिनीवर असतो आणि ती वरून बघते. त्या दिवशी दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात होते. तिची उजवी मूठ एरवी उघडत नाही. ओल्या मातीत ती उघडली, कारण बुरुज थापायला तळवाच लागतो. अळीव पेरायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं. मग महादरवाजा कुठल्या बाजूला ठेवायचा यावरून तिचं आणि दोन मुलांचं जोरात भांडण झालं. ती ओरडली, एकानं तिचा मावळा उचलून बाजूला ठेवला. तिची आई पुढं निघाली तेव्हा मी आईचा हात धरला. लिंबूटिंबूशी कुणी भांडत नाही, ताई. भांडले म्हणजे त्यांनी तिला गडी धरलं होतं. शेवटी दरवाजा तिनं सांगितला तिथंच झाला.

असा एक कट्टा तुमच्या बागेत मागा. शेजारी पाण्याचा नळ, खुर्चीवरून हात पोचेल अशा उंचीवर.

मोकळी जागा भरून टाकू नका

सगळी जागा खेळण्यांनी भरायचा मोह होतो, त्यात ओपन जिमही घुसते. ओपन जिम जरूर करा, पण लांब. तिच्या हलत्या सांध्यांत लहान मुलांची बोटं चेमटतात. मध्ये निदान ३० बाय ३० फुटांचा सपाट खरखरीत कोबा मोकळा ठेवा आणि त्यावर आट्यापाट्यांच्या रेषा रंगवून घ्या. आट्यापाट्यांत पाटी धरणाऱ्याला आपल्या एकाच रेषेवर पुढं-मागं करायचं असतं. व्हीलचेअरला हेच सगळ्यात चांगलं जमतं. विष-अमृतही चाकांवर चालतं. आणि आंधळी कोशिंबीर खेळताना ज्याला मुळातच दिसत नाही ते मूल सगळ्यांना भारी पडतं, कारण आवाजावरून माणूस ओळखायची सवय त्याला रोजची असते. हे खेळ आपल्याच अंगणातले आहेत. त्यांना फक्त सपाट जमीन लागते.

चाकांच्या पलीकडची मुलं

दिव्यांग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर व्हीलचेअर येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. तुमच्याच कॉलनीत स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल असेल. त्याला झोका अतोनात आवडतो, पण गर्दी आणि भोंगे सहन होत नाहीत, आणि घाबरलं की ते रस्त्याकडे पळतं. त्याच्यासाठी सगळीकडून बंद कुंपण आणि एका कडेला, पण नजरेच्या टप्प्यात, शांत कोपरा हवा: तीन बाजूंनी झुडपं आणि आत एक बाक. ऐकू न येणाऱ्या मुलाला आई सतत दिसली पाहिजे, म्हणून मध्ये उंच भिंती नकोत. कमी दिसणाऱ्यासाठी पायरीच्या आणि कठड्याच्या कडेला पिवळा पट्टा. बाकांना पाठ आणि हात हवेत, हातांशिवाय आजीला उठता येत नाही. बाकाशेजारी एक व्हीलचेअर उभी राहील एवढी जागा सोडायची, म्हणजे माणूस वाटेत ताटकळत नाही.

झाडांत कडुनिंब, करंज, बहावा, ताम्हण. हाताशी तुळस, पुदिना, गवती चहा आणि लाजाळू. कण्हेर आणि बिट्टी नको, दोन्ही विषारी आहेत आणि आपल्याकडच्या बागांत सर्रास लावतात.

पैसा आणि कायदा

‘बजेट नाही’ हे उत्तर येईल, तेव्हा हे हाताशी असू द्या. महापालिकेला दिव्यांगांसाठी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी राखून ठेवावा लागतो. त्यातून काय होतंय हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. २०१६ च्या कायद्यानं सार्वजनिक जागा सुगम, म्हणजे दिव्यांगांनाही सहज वापरता येतील अशा, करणं बंधनकारक आहे, मापं केंद्राच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत दिली आहेत, आणि ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशींसारखे चालणार नाहीत, त्यांतला किमान भाग सक्तीचा हवा. दाद मागायची वेळ आलीच तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. मात्र भांडणापासून सुरुवात करू नका. माझा अनुभव असा की कनिष्ठ अभियंत्याला बोलावून एकदा व्हीलचेअरवर बसवलं आणि फाटकापासून झोक्यापर्यंत स्वतःच्या हातानं चाकं फिरवायला सांगितली, की नकाशा लगेच बदलतो.

देखभालीचंही आत्ताच लिहून घ्या. टोपलीच्या झोक्यावर रात्री मोठी पोरं चढतात, एक कडी तुटते, आणि ‘मोडू नये म्हणून’ झोका साखळीनं बांधून ठेवतात. तो मग वर्षानुवर्षं बांधलेलाच राहतो. दर महिन्याला कड्या, बोल्ट आणि बेअरिंग कोण बघणार, त्याचं नाव आणि फोन फलकावर असू द्या. शेजारच्या राज्यात बंगळूरला किलिकिली ही संस्था पालकांनी मिळून सुरू केली आणि महापालिकेबरोबर बसून बागांमध्ये सगळ्या मुलांना खेळता येईल अशा जागा केल्या. पालक टिकून राहिले तर बाग टिकते, म्हणून कॉलनीतल्या चार घरांची समिती आधी करा. त्यात दिव्यांग मूल नसलेली दोन घरं हवीतच.

तोपर्यंत कुठं जाल

आमराईतली जुनी झाडं आणि सावली दोघांनाही आवडेल. मात्र कुठंही नेण्याआधी एकदा एकट्या जाऊन या. फाटक, वाट, संडास या तीनच गोष्टी बघायच्या. उन्हाळ्यात संध्याकाळी साडेपाचच्या आधी निघू नका, आणि खुर्चीच्या काळ्या रेक्झिनवर पंचा टाका. कृष्णेच्या घाटावर पायऱ्या आहेत, तिथं एकट्यानं दोघांना सांभाळायचा प्रयत्न नको, सोबत कुणीतरी हवं. धाकट्यासाठी वेगळा आणि थोरलीसाठी वेगळा असा खेळ न शोधता दोघांना एकच चेंडू द्या. आणि दुसरी मुलं ‘हिला काय झालंय?’ विचारतील तेव्हा उत्तर तुम्ही देऊ नका. तिलाच देऊ द्या. ‘माझे पाय पटकन ऐकत नाहीत, पण मी पकडापकडी खेळते,’ असं एक वाक्य घरी तिच्याबरोबर बसवून ठेवा. बहुतेक पोरांना एवढंच पुरतं.

नकाशा मंजूर झाला की कोबा ओतायच्या आधी एक दिवस मागून घ्या. ठेकेदाराकडून फक्कीनं वाट, वळणं, रॅम्प, कट्टा सगळं जमिनीवर आखून घ्या आणि लेकीला खुर्चीसकट तिथं न्या. कुठं वळता येत नाही आणि कुठं हात पोचत नाही ते तिला दाखवू द्या, आणि ती सांगेल तिथली रेघ पुसून पुन्हा मारायला लावा.